कोपऱ्यातला डोळा

पेणला दामूकाकांच्या दुकानात कागदावर काही वाढवायचं असेल, तर त्याच कागदावरून काय काढायचं हे आधी ठरवावं लागे. दुकान म्हणजे गणपतीच्या कारखान्यांच्या आळीतली एक खोली. तीत एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि काका. लोक जुने दाखले, पत्रिका, फाटके कागद आणत. काका ते स्कॅन करत, पडद्यावर साफ करत आणि फ्लॉपीवर घालून देत. पण साफ केलेली फाइल मूळ स्कॅनपेक्षा कणभरही मोठी झालेली त्यांना खपत नसे.

"आली तेवढीच गेली पायजे," ते म्हणत. "नायतर ती दुरुस्ती नाय, सूज हाय."

एकदा एक बाई सासऱ्यांचं मानपत्र घेऊन आल्या. "काका, कडेनं जरा फुलं टाका ना."

"टाकतो की. बदल्यात काय काढू गो? सासऱ्याचं नाव?"

धाटावच्या एमआयडीसीतली शिफ्ट संपवून आलेल्या एकानं शाळेचा दाखला पुढे करत हळूच सुचवलं, "वय दोन वर्षं कमी करा, काका. फाइलपण तेवढी हलकी होईल."

"मी डाग काढतो, वर्षं काढत नाय. ऊठ."

काकांनी उभं आयुष्य शेजारच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवले होते. सोंडेला माती चढवली तर पोटाची खरवडायची, कारण मूर्तीचा पाट उचलणाऱ्याचे हात तेच असतात, ही तिथली शिकवण. पुढे हात कापू लागला. बुबुळ जरा सरकलं तरी देव चकणा दिसतो. कोणी काही म्हणायच्या आत काकांनी कुंचला ठेवून दिला. मग मुंबईच्या पुतण्यानं हे यंत्र आणून दिलं. पडद्यावर कागद इतका मोठा करता येई की एकेक ठिपका तांदळाएवढा दिसे, आणि हात थरथरला तरी ठिपका चुकत नसे. हे ज्या दिवशी उमगलं, त्या दिवशी काका जेवायला उठले नाहीत म्हणे.

काम पुरं झालं की कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ते गणपतीचा एक डोळा काढत. मुगाएवढा. "माझी सही," म्हणत. त्याच्यापुरती जागा आधीच घाण काढून करून ठेवलेली असे. सरकारी दाखल्यांवर हा डोळा चालेना. लोक परत येऊन भांडू लागले. काकांनी डोळा सोडला नाही, दाखले घेणं सोडलं.

मी रोह्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. मालती, माझी पत्नी, गेली त्या वर्षी मी काकांकडे गेलो. माझ्याजवळ तिच्या हातचा वहीचा एक कागद होता. शेवटच्या आजारात तिनं लेकीसाठी वालाच्या बिरड्याची कृती लिहिली होती. लेक मस्कतला. जावयाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेल जाई, आणि मोठी फाइल तिथून परत फिरे. आमची एकदा फिरली होती. "टाइप करून पाठवू नका, बाबा," लेक फोनवर म्हणाली. "मला आईचं अक्षर हवंय." किती मोठी फाइल चालेल तो आकडा तिनं सांगितला. काकांनी तो भिंतीवर खडूनं लिहिला.

"बसा, रोहेकर."

घड्यांच्या रेषा गेल्या. शाईचे शिंतोडे गेले. फाइल उतरत चालली. मग डाव्या कोपऱ्याशी काका थांबले. तिथं हळदीच्या तेलाचा अंगठा उमटला होता. पडद्यावर तो काळ्या ठिपक्यांचा ढीग दिसत होता.

"हा एकटाच निम्म्या अक्षरांएवढी जागा खातो."

"काढा," मी म्हणालो. "अक्षर पोचलं की झालं."

त्यांनी माउसवरचा हात उचलला. "वहिनींचा?"

"हो."

"आमच्या हिच्या हातचा एक कागद होता," ते मग म्हणाले. "पोह्याच्या पापडाचं प्रमाण. ती गेली नि हे मशीन आलं. हात शिवशिवत होते. सगळं साफ केलं, तेलाची बोटं, पिठाचे डाग, सगळं. मूळ कागद वाळवीनं नेला. आता अक्षर हाय, पण छापल्यासारखं. कोणाचं पण वाटतं." त्यांनी पडदा पुसल्यासारखा केला. "तुम्ही उद्या या."

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी तयार होती, वर एक छापील प्रतही. मेल गेली आणि परत आली नाही. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. "मी माझा अंगठा ठेवून पाहिला, बाबा. आईचा मोठा आहे."

मग मी ती प्रत नीट पाहिली. वहीच्या आखीव रेघा काकांनी अक्षरांच्या मधून एकेक ठिपका वेचून काढल्या होत्या. रेघा नसतानाही मालतीच्या ओळी सरळ होत्या. डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा होता, जसाच्या तसा. उजवा कोपरा कोरा होता.

पुढच्या खेपेला पेणला गेलो तेव्हा विचारलं, "काका, तुमचा डोळा राहिला."

"मावला नाय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता स्कॅनरची काच पुसू लागले. काच स्वच्छच होती.