अडीच मिळवा

हमीदचाचांच्या दुकानात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा मुरुडात नऊ झालेले असतात. त्यांच्या संगणकावर वेळ दोहाची. बाहेरची पाटीही त्याच हिशेबाची: 'ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेपाच.' खाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'अडीच तास मिळवा'. पुण्याचं एक जोडपं एकदा खरंच साडेसहाला येऊन पायरीवर बसलं. चाचांनी नऊला शटर वर केलं आणि वर त्यांनाच झापलं, "खालची ओळ वाचता येत नाय?"

बावीस वर्षं ते दोहात बांधकामावर टाइमकीपर होते. मजूर किती वाजता आला, किती वाजता सुटला, हे लिहायचं काम. "वक्ताशी मस्करी नाय," हे त्यांचं पालुपद. नमाज मात्र मुरुडच्या वेळेला, आणि जेवणाचा डबा दुपारी तीनच्या ठोक्याला. मी इथल्या शाळेत शिक्षिका, चुका दाखवायची खोड. एकदा म्हटलं, "चाचा, संगणकात दोन घड्याळं लावता येतात. एक दोहाचं, एक आपलं." एवढं बोलायची खोटी, चाचा भडकले. "एका घरात दोन घड्याळं होती, बाई. बस झालं ते." म्हातारा खुळावलाय, असं म्हणून मी सोडून दिलं.

आणि नेमकं त्याच खुळापायी माझ्या प्रज्ञाचं वर्ष जायची वेळ आली.

तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी. जातवैधतेचा दाखला त्याच दिवशी अलिबागला हातात पडला आणि तो चढवायला वेळ होती दोन ते तीन, एवढीच. एसटीनं मुरुडला पोचले तेव्हा सव्वादोन. धावत दुकानात. चाचांनी दाखला स्कॅन केला, साइट उघडली. बटण पेटेना. वर ओळ आली, 'आपली वेळ अद्याप सुरू झालेली नाही.'

संगणकात बारा वाजत होते. ती साइट संगणकाचं घड्याळ बघत होती!

"चाचा, वेळ बदला!"

"सबर करा." त्यांनी हातानं आकडे पुढे केले, अडीच वाजवले. बटण पेटलं. मी दाबलं, तर साइटनं हाकलून दिलं: 'सत्र संपले.' पुन्हा लॉगिन, पुन्हा हाकललं.

"नुसतं घड्याळ पळवून भागत नाय," चाचा पुटपुटले. "मुलूखच बदलावा लागंल."

"मग बदला की!"

चाचांचा हात माउसवर, पण बोट हलेना. दोन बेचाळीस. प्रज्ञाचा फोन, "आई, झालं?" "चाचा, माझ्या पोरीच्या जन्माचं नुकसान होतंय आणि तुम्हाला दोहा सुटत नाही? शरम वाटू द्या!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मुलखांची यादी उघडली, दोहा काढलं, भारत लावलं. लॉगिन. दाखला. दोन सत्तावन्नला पावती आली आणि मी तिथंच खुर्चीत बसून रडले.

चाचा स्क्रीनकडंच बघत होते.

"मी कायमचा परत आलो ना, बाई, तेव्हा घरातलं भिंतीवरचं घड्याळ अडीच तास मागं होतं. मला वाटलं, बिघडलं. बाजारात नेऊन दुरुस्त केलं, मोठ्या ऐटीत परत टांगलं. माझी बायको, जुलेखा, काही बोलली नाय. जेवायची मात्र तीनलाच. मी म्हणायचो, काय ही वाईट खोड तुझी."

त्यांनी बोटानं कीबोर्डवरची धूळ पुसली.

"ती गेल्यावर तिच्या बहिणीनं सांगितलं. बावीस वर्षं ते घड्याळ तिनं दोहाच्या वेळेवर ठेवलेलं. माझी जेवणाची सुट्टी साडेबाराला व्हायची. म्हणजे इथले तीन. मी घास घेतल्याशिवाय ती घेत नव्हती. आणि मी टाइमकीपर! सगळ्या दुनियेचा टाइम लिहिला, तिचा तेवढा पुसून टाकला."

मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

"बाई, परत करता का? मला चष्म्याशिवाय दिसत नाय."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मी यादी उघडली, दोहा शोधलं, दाबलं. कोपऱ्यात आकडे आले, साडेबारा.

चाचांनी टेबलाखालून डबा काढला. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण. अर्धी भाकरी मोडून झाकणात ठेवली आणि माझ्यापुढं सरकवली.

"जेवा. सकाळपासनं उपाशी असाल. एकट्याला घास उतरत नाय हल्ली."

मी खुर्ची जवळ ओढली.