नऊ नंबरची चप्पल

अकोल्याच्या बाजारात रहमतुल्लाचं चपलांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याचा नंबर ओळखायचा, हा त्याचा जुना तोरा. आणि आता त्याचीच त्याला लाज वाटत होती. घरात बायकोचा, आयशाबीचा, पाय सात वर्षांत सहावरून नऊवर गेला, आणि हा पठ्ठ्या दर ईदेला "या कंपनीचा माल आखूड येऊन राह्यला" म्हणत मोठी चप्पल आणून देत राहिला. अंगठी बोटात रुतली तेव्हा त्यानं सोनाराचा उद्धार केला. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ आहे आणि त्यामुळे वाढीचं हार्मोन नको तेवढं पाझरतंय.

"चाचा, तुम्ही तर चपला विकता. मग लक्षात कसं आलं नाही?" डॉक्टरांनी सहज विचारलं. रहमतुल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. रक्तातली वाढलेली साखर मात्र अजून हटून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "आपले स्नायूसुद्धा हार्मोन बनवतात. हालचाल केली की ते रक्तात उतरतात, साखरेला आवर घालायला मदत करतात. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये ते किती असतात, हे आम्ही तपासतोय. सोमवारी उपाशीपोटी या. बाकी सगळं चिठ्ठीवर आहे."

रहमतुल्लानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली, ती तिथंच राहिली. त्याच्या कानात एकच शब्द घुमत होता, हालचाल. सात वर्षांची चूक फेडायची संधी अल्लानं आयती दिली होती. बायकोला या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास करायचंच, असं त्यानं ठरवलं.

शनिवारी आयशाबी वीस वेळा जिना चढली. रविवारी तिनं दुकानातली खोकी माळ्यावर चढवली.

"शाकीबचे अब्बा, काहून माहा जीव घेऊन राह्यले?"

"अवं, हार्मोन पैकीच्या पैकी निघाले पायजे!"

सोमवारी अमरावतीत बस स्टँडवर पोचायच्या आधीच त्यानं तिला राजापेठेत उतरवलं आणि चालवत नेलं. दर दहा पावलांवर तिची चप्पल निसटत होती.

"आता ढिला माल काढला या कंपनीनं!" रहमतुल्ला करवादला. शेवटी आयशाबीनं चपला हातात घेतल्या.

दवाखान्यात दुर्गा सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. "चाची, एवढा घाम कावून आला?"

"दोन दिवसांपासून मेहनत करून घेऊन राह्यलो, सिस्टर!" रहमतुल्लानं छाती फुगवली. "आजबी राजापेठेपासून पायी आणलं."

सिस्टरनं हातातली सुई खाली ठेवली. "चाचा, चिठ्ठी नाही वाचली काय? आमाले आरामातलं रक्त पायजे होतं. आता पुढच्या महिन्यात या."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. पहिलीच ओळ होती: आधीचे दोन दिवस श्रमाचं काम करू नये.

बाहेरच्या बाकावर आयशाबी डब्यातली भाकर खात होती. रहमतुल्ला शेजारी बसला. त्याला रडू आवरेना. "पाहाचं होतं तवा पाह्यलं नाही म्या. आन आता पाहाले गेलो तर हे असं."

आयशाबीनं डबा बंद केला. उठून तिनं चपला घातल्या, तर पहिल्याच पावलाला एक पुन्हा निसटली. कंपनीला शिवी द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग तो फरशीवर बसला, चिठ्ठी उलटी करून तिच्या पायाखाली सरकवली आणि खिशातल्या पेनानं पायाची रेघ काढू लागला. येणारे-जाणारे बघत होते. ऑपरेशननंतर सूज उतरली होती. पाय आठावर आला होता.

"कंपनी चांगली होती, आयशा," तो खाली मान घालून म्हणाला. "दुकानदारच खराब निघाला."

आयशाबीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला.

"मंग त्या दुकानदाराले सांगा, आठ नंबर काढून ठेव," ती म्हणाली. "आन स्टँडपर्यंत आटो करा."