एकसष्ट मिनिटांची आग

तिसऱ्या खेपेलाही मिक्स बिघडलं असतं, तर ऑर्विल टिलमन सगळं सामान फुटपाथवर ठेवून मोकळा झाला असता, असं तो स्वतः म्हणतो. पण हे तो गेली तीस वर्षं म्हणतोय, त्यामुळे फारसं मनावर घ्यायचं कारण नाही.

शनिवारी दुपारी बारापर्यंत गाण्याला गाणं जोडून केलेलं तासाभराचं मिक्स रॉस्कोकडे पोचायला हवं होतं. शिकागोच्या साउथ साइडला दर जुलैत हाउस म्युझिकची पिकनिक भरते आणि रॉस्को तिचा कर्ताधर्ता; आलेली मिक्स ऐकून कुणाला कुठला तास, ते तोच ठरवतो. संध्याकाळी चार ते पाच हा तिथला मानाचा तास. ऊन कलतं, बार्बेक्यू पोटात गेलेलं असतं, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं पब्लिक गवतावर नाचायला उतरतं. ऑर्विल सतरा वर्षं तो तास मागत होता आणि सतरा वर्षं त्याला सकाळचे अकरा मिळत होते. अकरा वाजता पार्कात फक्त खुर्च्या मांडणारे असतात. यंदा चोपन्न पुरी झाली होती, गुडघेही कुरकुरायला लागले होते. "यंदा नाही तर कधीच नाही," असं त्याने, तो चालवतो त्या शाळेच्या बसमधल्या पहिलीच्या पोरांनाही सांगून ठेवलं होतं.

तळघरात त्याचा संसार थाटलेला होता: तबकड्या वाजवायचे दोन टर्नटेबल, त्यांचा आवाज एकत्र करणारा एक मिक्सर, आणि मुलीने कॉलेज संपल्यावर टाकून दिलेला लॅपटॉप. शुक्रवारी पहिल्या खेपेला बावन्नाव्या मिनिटाला लॅपटॉपने कुणाला न विचारता अपडेट घ्यायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी दुसऱ्या खेपेला ऑर्विलने भरात येऊन पाय आपटला आणि सुई एका गाण्यातून थेट त्याच्या शेवटात जाऊन पडली. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने त्याने टेबलाला दोष दिला, टर्नटेबल सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवले आणि सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. लॅपटॉपने विचारलं, आवाज कुठून घेऊ? ऑर्विलने न वाचताच 'हो' दाबलं.

वर त्याची बायको अर्निता हॉस्पिटलची रात्रपाळी करून झोपली होती. म्हणून स्पीकर बंद आणि हेडफोन कानाला. आता पाय आपटला तरी सुई हलत नव्हती, त्यामुळे त्याने मनसोक्त आपटला. मिक्स असं जमलं, असं जमलं, की एका गाण्यातून दुसरं कधी सुरू झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पडद्यावर आवाजाच्या टेकड्या कशा ओळीने, मापात उभ्या होत्या. ऐकून बघायची गरजच काय? सोनाराने का आपलंच सोनं कसाला लावायचं? अकरा बावन्नला त्याने ते रॉस्कोला धाडलं आणि वर चौदा जुन्या दोस्तांच्या ग्रुपवरही टाकलं.

अकरा अठ्ठावन्नपासून उत्तरं यायला लागली. "आग!" "भाऊ, आग!" "आगीत तेल!" या मंडळींच्या बोलीत आग म्हणजे झकास. बारा वाजून पाच मिनिटांनी रॉस्को म्हणाला, "चार ते पाच तुझे." एकसष्ट मिनिटांचं मिक्स लोकांनी सहा मिनिटांत कसं ऐकलं, हा प्रश्न ऑर्विलला पडायला हवा होता. पण कौतुक मोजून घ्यायची सवय कुणाला असते? तो तळघरात एकटाच दोन फेऱ्या नाचला आणि मग गुडघ्याला बर्फ लावून बसला.

पिकनिकसाठी जरा माणसात यावं म्हणून त्याच दुपारी तो पर्नेलच्या सलूनमध्ये गेला. पर्नेल त्या चौदांपैकी एक. ऑर्विलच्या गळ्यात पांढरं फडकं बांधून पर्नेलने जाहीर केलं, "मंडळी, यंदाचे चार ते पाच या खुर्चीत बसलेत! ऐका!" आणि दुकानाच्या मोठ्या स्पीकरवर मिक्स लावून त्याची दाढी कातरायला घेतली.

धप. धप. धप. धप.

"सुरुवात दमदार आहे," बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं.

मग धापा ऐकू आल्या. मग नाकातून, सुराला फाटा देऊन निघालेली एक गुणगुण. मग तबकडीच्या प्लास्टिकच्या वेष्टनाची सळसळ, आणि त्यावर ऑर्विलचा आवाज, "हात वर, शिकागो! मागचे! तुम्ही पण!"

सगळं सलून मागे वळून बघायला लागलं.

"हे काय, नवीन स्टाइल का रे?" पर्नेलने विचारलं.

ऑर्विल फडक्यासकट खुर्चीतून उठला. लॅपटॉपने मिक्सरचं काही घेतलंच नव्हतं. आपल्याच अंगच्या माइकने तळघरातला एक चोपन्न वर्षांचा माणूस घेतला होता. "बंद कर! बंद कर ते! आणि तू लिहिलं होतंस ना, 'आग'?"

"म्हणजे... लिहिलं होतं," पर्नेल कात्रीकडे बघत म्हणाला. "तुझं काम मला माहीत नाही का? ऐकायला कशाला पाहिजे?"

अर्धी दाढी तशीच ठेवून ऑर्विल घरी धावला. नीट वाचून, मिक्सर निवडून, चौथ्यांदा मिक्स केलं आणि रॉस्कोला धाडून फोन लावला. "मगाचचं काढून टाक. हे ठेव."

"छे! पहिल्याची सर नाही याला," रॉस्को म्हणाला. "पहिलंच चढवलंय पिकनिकच्या पानावर. तीनशे बदाम आलेत!"

"तू ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे? काय शेवट केलायस, गड्या!"

त्या शेवटाला खुर्ची करकरते आणि ऑर्विल म्हणतो, "आता आधी लघवीला जाऊ दे." हे त्याने नुकतंच छातीवर दगड ठेवून ऐकलं होतं. त्याला रॉस्कोवर चिडायचं होतं. पण गेल्या वर्षी रॉस्कोने तीन मिक्स पाठवली होती आणि तिन्हींना ऑर्विलने, बस सिग्नलला उभी असताना, 'आग' असंच लिहिलं होतं. चार ते पाच मिळाले होते, आणि त्याला इतकं एकटं अकराच्या पार्कातही कधी वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी चर्चहून येऊन अर्निता हॅटसकट तळघरात उतरली.

"पिकनिकच्या पानावर ऐकलं तुझं."

"किती ऐकलंस?"

"सगळं. दारात गाडी उभी करून. शेजारीण दोनदा विचारून गेली, बरी आहेस ना."

ऑर्विलने तोंड झाकलं. "अगं, ते चुकून—"

"छप्पन्नाव्या मिनिटाला काय बोललास, आठवतंय?"

आठवत नव्हतं. काल त्याने शेवट ऐकला होता, पण मधला भाग ऐकायची हिंमत झाली नव्हती.

"म्हणालास, 'हे शेवटचं गाणं माझ्या अर्नितासाठी. सव्वीस वर्षं तिच्यासाठीच लावतो, आणि तिला पत्ताच नाही.'" तिने हॅट काढून मिक्सरवर ठेवली. "खरंय?"

"खरंय."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू कधी शेवटापर्यंत थांबलीस का?"

"या वेळी थांबले ना," अर्निता म्हणाली आणि त्याच्या अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. "यात गाणी नव्हती."