प्रमाणित काट्यावर ज्योतीराम

महाळुंग्याच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या ज्योतीरामच्या हृदयाच्या नळ्यांत चरबी साचली होती. एक झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांइतकाच वजन उतरवणे हाही उपचार आहे. शहाण्णवचे चौऱ्याऐंशी करा. कंपनीने वजन उतरवणारे, आठवड्याला एक असे इंजेक्शन मंजूर केले. अट एकच : तीन महिन्यांत वजन उतरल्याचे प्रमाणित काट्यावर दिसावे, नाहीतर इंजेक्शन बंद.

दवाखान्यातल्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का नव्हता. शिक्क्याचा काटा कंपनीत एकच, गेटवरचा, ट्रकचा. तो वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. पत्र्याच्या गुंडाळ्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

ज्योतीराम काट्याच्या मधोमध उभा राहिला. मागे दोन ट्रक हॉर्न देत होते. काटेवाल्या रणजीतने पावती फाडली : शंभर किलो. 'माल' या रकान्यात त्याने 'स्वतः' असे लिहिले.

तीन महिने ज्योतीरामच्या बायकोने, शालनबाईने, घरात तेलाची पिशवी लपवून ठेवली. दवाखान्यात वजन एक्याण्णव भरले. गेटवर शंभर.

"उतार नाही," एचआरचे मिहिर साहेब म्हणाले. "सोमवारपासून इंजेक्शन बंद."

"साहेब, पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलीत."

"पट्ट्यावर शिक्का आहे का?"

रणजीतला दया आली. "भावा, ह्या काट्याला तुझं एक्याण्णव कळत न्हाई. नव्वदच्या खाली ये, लगेच ऐंशी दावतो."

"सोमवारपर्यंत दोन किलो?"

"व्हय. जेवू नको. आन् येताना बूट काढ."

"ट्रकसुदिक डिझेल घालून आणत्यात," घरी हे ऐकून शालनबाई म्हणाली. "तुमी उपाशी जावा."

चार दिवस ताकावर काढून ज्योतीराम सोमवारी काट्यावर चढला. खरे वजन एकोणनव्वद. काट्याने ऐंशी दाखवले.

मिहिर साहेबांनी उठून हात मिळवला. "चार दिवसांत वीस किलो! लक्ष्याच्याही पुढे गेलात."

"मग इंजेक्शन चालू ना?"

"कशासाठी? उपचार यशस्वी झाला, फाइल बंद."

हलके काम रुग्णांसाठी राखीव असल्याने ज्योतीरामला लोडिंगला टाकले. काट्यावरचा त्याचा फोटो सूचनाफलकावर लागला. तिसऱ्या दिवशी तो छातीला हात लावून खोक्यावर बसला. डॉक्टरांनी तपासून लिहिले : वजन एकोणनव्वद, उपचार अपुरा, इंजेक्शन चालू ठेवावे.

मिहिर साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून परत दिला. "यावर ऐंशी हवे होते. तुमचे डॉक्टर आमच्या नोंदीशी जुळत नाहीत."

"मग मी करू काय, साहेब?"

"योजनेत परत यायचे असेल तर नियम सोपा आहे. नव्वदच्या वर जा. शंभर दिसले की पुन्हा अर्ज करा."

ज्योतीराम सध्या रोज दोन थाळ्या जेवतो. डॉक्टर त्याला ओरडतात, शालनबाई रडत रडत वाढते. अर्जाची मुदत महिनाअखेर आहे.

तुम्ही हसाल, खुशाल हसा. फक्त काल सकाळी घरच्या काट्यावर चढताना चष्मा का उतरवलात, आणि आकडा पटला नाही म्हणून काटा शेजारच्या फरशीवर सरकवून पुन्हा का चढलात, तेवढे आधी सांगा.