उठून जाणारे बापूराव

तारनाक्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे बापूराव दुकानात शिरताना चपलांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवतात. उठून जाताना खोळंबा नको.

आणि उठून ते जातातच. बेगम बाजारात त्यांनी जन्मभर मसाल्याचा घाऊक धंदा केला. त्यांच्या मते खरा भाव ठरतो तो गिऱ्हाइकाची पाठ दिसल्यावर. "मागून हाक आली की सौदा झाला, वैनी. त्याच्याआधी नुसत्या गप्पा." त्यांच्यासोबत मी टॉवेलपासून फ्रिजपर्यंत सगळं घेतलंय. हाक आली नाही असं कधी झालं नाही.

यंदा त्यांच्या घरी काकूंना कॉम्प्युटर हवा होता. फोनवर पुण्याची नात सुपारीएवढी दिसते, ही तक्रार. मी रीतसर यादी केली: पडदा, कॅमेरा, वजन, आवाज. दुकानं फिरण्यापेक्षा कंपनीकडूनच थेट मागवा, असं सुचवलं.

"तिथं उठून जायचं कसं?"

मी सगळं निवडून 'पैसे भरा'पर्यंत आणून दिलं. बापूरावांनी तो आकडा तुच्छतेनं पाहिला, फोन उपडा ठेवला आणि फिरायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेसेज आला: तुमची वस्तू वाट पाहते आहे, खास तुमच्यासाठी सवलत!

"हौ! मारली की नाही हाक?"

ते आणखी दोनदा असेच उठून गेले. बॅग फुकट आली, माऊस फुकट आला, भाव आणखी उतरला. मी थक्क! एवढी मोठी कंपनी, ना दुकान ना पायरी, तिला यांची पाठ दिसली कशी?

"आता भरा पैसे," मी म्हटलं.

"आधी यूसुफमियांना विचारू."

यूसुफमियांचं अंबरपेठेत कॉम्प्युटरचं दुकान. बापूरावांच्या मुलांची सगळी यंत्रं तिथलीच. आम्ही गेलो तेव्हा काचेची कपाटं निम्मी रिकामी होती. कंपनीचा भाव ऐकून मियांनी चष्मा पुसला. "ऑनलाइनच ले लो, साब. उत्ते में मेरेकू नै पडता. वैसे भी ईद के बाद दुकान बंद करतूं."

बापूराव उठले. पायरी उतरले. चपला घालायला त्यांनी इतका वेळ लावला की पट्टा तुटला की काय, असं मला वाटलं. आतून हाक आली नाही.

मग ते स्वतःच परत वर चढले. "मियां, चाय बोलो. तुम्हारे भाव से लेतूं."

"पुराने गिऱ्हाईक हैं आप. थोडा कम करतूं."

"बिल्कुल नक्को!"

मियां एक पायरी उतरले की बापूराव दोन चढत. दोघंही हमरीतुमरीवर आले, शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. भाव वाढवण्यासाठी भांडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी मियांनी हात जोडले. बापूरावांनी तेवढ्यात एक अट घातली: "बिगडा तो मैं यहींच लातूं. सालभर शटर नक्को गिराना."

ईद होऊन गेली. बापूराव अजूनही एक दिवसाआड कॉम्प्युटर उराशी धरून रिक्षानं अंबरपेठेला जातात. मागच्या खेपेची तक्रार होती, नात फार मोठी दिसते. मी तो नीट तपासला आहे. त्याला काहीही झालेलं नाही. मियां मात्र दर वेळी पेचकस घेतात, कॉम्प्युटर उघडतात आणि दोन चहा सांगतात.