बाबा प्रतिसाद देत नाहीत

फायरवॉलची नवी आवृत्ती आली आणि सकाळीच मी पोरीला फोनवर ठणकावून सांगितलं, "चहा निवायच्या आत चढवतो, बघच तू!"

"बाबा, चालतंय ते चालू द्या ना."

"आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेत मी. हे काय मोठं!"

"आणि काही गडबड झाली तर? आपलं ठरलंय हं. एक जरी भानगड झाली, तरी मी येऊन तुम्हाला इकडे घेऊन जाणार. आई गेल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय."

ठरवलं तिनेच होतं. मी नुसतं 'हं' म्हटलं होतं. मला हे घर सोडायचं नाही.

फायरवॉल म्हणजे टेबलाखाली ठेवलेला माझा जुना कॉम्प्युटर. घरात येणारं इंटरनेट आधी त्याच्यातून जातं. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, ते हा ठरवतो. दारावरचा वॉचमनच, फक्त झोपत नाही. त्यातली सिस्टीम फुकट मिळते आणि आत काय आहे ते कोणालाही उघडून बघता येतं. ज्या वस्तूचं झाकण उघडत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही.

नव्या आवृत्तीत बरंच काही होतं. मला एक सोय फार आवडली. घरातलं नेहमीचं एखादं उपकरण इंटरनेटवरून गायब झालं, तर फायरवॉल आपण होऊन ईमेल पाठवतो. मी कौतुकाने पोरीचा पत्ता घातला. मग त्याने विचारलं, "वेळेचे जुने नियम नव्या पद्धतीने आणू का?" खाली हातभर सूचना होत्या. सूचना वाचतो तो शिकाऊ! मी 'हो' दाबलं.

चहा अजून गरम होता. माझा फोन मात्र बंद पडला. म्हणजे फोन चालू, इंटरनेट गुल. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, साधा कॉलसुद्धा इंटरनेटवरूनच येतो. वायर सैल झाली असेल म्हणून मी टेबलाखाली शिरलो. कानातलं यंत्र काढून ठेवलं, कारण अडचणीच्या जागी ते शिट्टी मारतं. आणि पालथा पडून एकेक वायर तपासत बसलो.

पुढचं मला नंतर कळलं. फायरवॉलने इमानाने पोरीला ईमेल केला होता, "बाबा प्रतिसाद देत नाहीत."

माझ्या फोनचं नाव 'बाबा' आहे. ते आमच्या हिने ठेवलेलं.

पोरीने फोन लावला. लागेना. तिने शेजारच्या वहिनींना पळवलं. वहिनींनी दार बडवलं. मला काय ऐकू येणार! वहिनींनी कुलूपवाल्याला आणलं, कुलूपवाला दारासमोरून जाणाऱ्या एका नर्सला घेऊन आला. कुलूप तुटलं आणि सगळी वरात आत शिरली. टेबलाखालून माझे दोन पाय बाहेर आलेले!

"अगं बाई! पाय गार पडलेत!" वहिनी किंचाळल्या.

नर्सने पायाला हात लावला. मी असा दचकलो की डोकं टेबलावर आपटलं!

"सापडले गं!" वहिनी दाराबाहेर रेंजमध्ये जाऊन फोनवर ओरडल्या.

"श्वास चालू आहे का?"

"शिव्या देतायत!"

"देऊ दे. त्यांना सांगा, बॅग भरायला घ्या म्हणावं. शनिवारी येते मी."

कुलूपवाल्याने दाराला नवं कुलूप बसवून दिलं. "काका, वायर सापडली का?" त्याने जाताना विचारलं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. दिवसभर डोकं चालेना. संध्याकाळी मुकाट्याने बॅग काढली, दोन सदरे भरले.

रात्री ताट वाढून बसलो तर फोन वाजला! घास हातातच राहिला. आमच्या जेवणाच्या टेबलावर फोन कधी वाजत नाही.

"लागला एकदाचा!" पोरगी म्हणाली आणि थबकली. "थांबा. आठ वाजून गेलेत. तुमचा फोन आत्ता कसा चालू?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ ते नऊ माझा फोन बंद, हा नियम आमच्या हिने, पोरीच्या आईने, माझ्याकडूनच लिहून घेतला होता. जेवताना फोन नको म्हणून. नव्या आवृत्तीत बंदची नव्हे, चालूची वेळ लिहायची होती. म्हणजे दिवसभर बंद आणि जेवताना चालू!

मी ते सांगितलं तशी पोरगी हसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आईचा तो नियम अजून आहे?"

"आहे."

"काढला का नाहीत? आता कोण रागावणार आहे?"

"फोन चालू असला की मी ओट्यापाशी उभ्याउभ्या खातो. बंद असला की ताट वाढून बसतो."

"नियम सुलटा करा," ती म्हणाली, "आणि बॅगेत भरलं असेल ते परत कपाटात ठेवा."

नियम केला सुलटा. आता रोज आठ वाजता तिला ईमेल जातो, "बाबा प्रतिसाद देत नाहीत." तो आला की तीही जेवायला बसते.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. परवा कंटाळा आला होता. आठला मी खिडकीत उभा राहून कोरडा ब्रेड चावत होतो. ईमेल गेलाच! पुढच्या आवृत्तीत ताटात डोकावायची सोय आली नाही म्हणजे मिळवली.