मूळ आवरणासह

हेंद्रेपाड्यातल्या रिद्धीने उल्हासनगर कॅम्प दोनमधून नवं ग्राफिक्स कार्ड बसवून आणलं आणि त्या दिवसापासून तिचा गेम जुन्या कार्डापेक्षाही हळू चालू लागला, ही बाब सुरुवातीलाच नमूद करणे आवश्यक आहे. रविवारी गेमिंग चषकाची फायनल होती, घरूनच खेळायची. जिंकली तर राज्याच्या संघात जागा. हरली तर मामाने चिकटवून दिलेली पतपेढीतली नोकरी. आणि इकडे शत्रू गोळी घालून चहा प्यायला गेला तरी रिद्धीची बंदूक अजून वळतच होती.

तिने ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, वायरी काढून घातल्या. शेवटी वैतागून कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तर कार्डाच्या पंख्यांवर प्लॅस्टिक ताणून बसवलेलं! आत वारा जायला जागाच नाही, बिचारं कार्ड तापून अर्धमेलं झालेलं.

"आयला, एवढंच होय!" म्हणत तिने प्लॅस्टिकला नख लावलं.

"हात नको लावूस!" तिची आई, गोदूबाई, दारातून ओरडली. "नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढतात का गो कधी?"

गोदूबाईचा या विषयातला अधिकार निर्विवाद होता. घरातल्या सोफ्याला आठ वर्षांत माणसाचा थेट स्पर्श झाला नव्हता. पाहुणे बसले की चुरचुर आवाज यायचा आणि तो ऐकून तिला समाधान वाटायचं.

रिद्धीने वॉरंटीचा कागद काढला. कलम चार: मूळ आवरण काढल्यास हमी संपुष्टात येईल. तिने दुकानातल्या सिंधी शेठला फोन लावला.

"साईं, कार्ड लय तापतंय."

"प्लॅस्टिक है ना उपर?"

"आहे."

"मग मॅडम, माल वापरलाच नाय तुम्ही. न वापरलेल्या मालाची कम्प्लेंट कशी घेणार?"

"बरं, काढते मग."

"काढा ना. लेकिन फिर वॉरंटी खतम."

"अहो, मग वॉरंटी चालते तरी कधी?"

"प्लॅस्टिक आहे तोपर्यंत. फुल तीन साल!"

तीन वर्षं ऐकून रिद्धीचं नख आपोआप मागे आलं. संतापली होती, पण वॉरंटी ती वॉरंटी. मग टेबलफॅन आला. त्याने भागेना म्हणून बर्फाच्या पिशव्या आल्या. रविवारी तर अख्खा कॉम्प्युटर फ्रिजसमोर मांडून दार सताड उघडं ठेवलं. दूध नासलं, भाजी कोमेजली, गोदूबाई पदर खोचून पुठ्ठ्याने वारा घालत राहिली.

शेवटच्या फेरीपर्यंत रिद्धी पुढे होती. मग शत्रू समोर आला आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. आपण मेलो हे तिला साडेचार सेकंदांनी कळलं.

ती ढसाढसा रडली. सोमवारी मामाचा फोन आला, एक तारखेला हजर व्हायचं.

मंगळवारी अंबरनाथहून आयोजक उपविजेतेपदाची ढाल देऊन गेले. आतलं नाव नीट वाचता येईना, म्हणून गोदूबाईने, लेकीच्या मायेपोटी, जन्मात पहिल्यांदाच एका नव्या वस्तूचं प्लॅस्टिक सोलायला घेतलं.

"आई, थांब!" रिद्धी किंचाळली. "काढू नकोस गं, खराब होईल!"

तुम्ही हसताय? हसा, हसा. फक्त उठून एकदा तुमच्या टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बघा.